पेणच्या खाडीतला उंदीरमामा

सोलापूरच्या बाईने खाडीत होडीने जाऊ नये, आणि गेलीच तर हरतालिकेच्या निर्जळी उपासात तरी जाऊ नये. मी दोन्ही एकाच दिवशी केलं. वर बरोबर नवरा होता.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. कॅप्टन काही झाले नाहीत, त्याच्या खालच्या पायरीवरून निवृत्त झाले. पण आमच्या गल्लीत जहाज पाहिलेला दुसरा माणूसच नाही, त्यामुळे दूधवाल्यापासून सगळे कॅप्टनच म्हणतात. हेही कुणाची चूक दुरुस्त करत नाहीत. निवृत्तीला वर्ष झालं होतं आणि ते वर्ष माझं मी जाणते. जो माणूस दिवाळीला आला तर आला, तो आता सकाळ-संध्याकाळ माझ्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभा. जड डबे खाली घ्या, तेलाचा डबा मधोमध ठेवा, फडताळ एका बाजूला कलतंय. एकदा मी बँकेतून घरी आले तर मसाल्याचा डबा सापडेना. तो म्हणे 'समतोलासाठी' बाथरूमजवळ गेला होता.

ह्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे ट्रिम (जहाज पुढच्या टोकाला जास्त बसलंय की मागच्या, तो हिशेब). साखरपुडा असो की दहावा, हे कुणालातरी कोपऱ्यात गाठून जहाजाची पिछाडी सांगायला लागतात.

अशात पेणहून दामूचा फोन आला. दामू ह्यांच्या जहाजावर सुकाणू धरायचा. तीनेक वर्षांपूर्वी तोही नोकरी सोडून खाडीकाठच्या आपल्या गावी परतला आणि घरचं मिठागर बघायला लागला. एसटीडी बूथवरून तो इतका मोठ्याने ओरडत होता की फोनशिवायही सोलापूरला ऐकू आलं असतं.

"साहेब, यंदा घरात पयला गणपती बसवतोय. यशोदेचा नवस हाय. तुम्ही आन् वैनी नाय आलात तर आमी जेवणार नाय!"

हे त्या फोननंतर दिवसभर शीळ घालत होते. वर्षभरात ह्यांना कुणी 'साहेब' म्हटलं नव्हतं. मीही बँकेत रजा टाकली. म्हटलं, चार दिवस माझे डबे तरी जागेवर राहतील.

पुण्यावरून एसटीने आम्ही रोह्याला उतरलो. तिथे माझी धाकटी बहीण वैजू राहते. तिचे यजमान धाटावच्या एका कंपनीत आहेत. रोह्यात वेळ घड्याळावर कुणी बघत नाही, शिफ्टवर बघतात. 'फर्स्ट शिफ्ट सुटली की या', 'नाइटवाले उठले की भाजी टाकते' असं सगळं चालतं. वैजूने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असं जेवायला वाढलं. उद्या हरतालिका म्हणून मी अंमळ जास्तच हाणलं. वारं फिरलं की धाटावकडून एक उग्र वास यायचा. मी नाकाला पदर लावला तर वैजू म्हणाली, "दोन दिवस राहा, मग येणार नाही." "वास येणार नाही?" "येतो गं. कळणार नाही."

जेवण होतंय तोवर ह्यांनी वैजूची परात मोरीतल्या टाकीत तरंगत सोडली होती. तिच्यात एका कडेला चार बटाटे.

"ही बघा पिछाडी," हे वैजूच्या यजमानांना सांगत होते. ते बिचारे नाइट करून आलेले, डोळे निम्मे मिटलेले. "जहाज मागे जरासं बसलेलं बरं असतं. सुकाणू पाण्यात राहतं, पंखा पाण्यात राहतो. पण फार बसलं की नाक येतं वर. मग सुकाणू ऐकत नाही. उथळ पाण्यात आधी मागचा भाग टेकतो. आणि एकदा का टेकला, की जहाजाचा तोल पाण्याच्या हातात राहत नाही. जरा धक्का लागला की ते आडवं लोळायला बघतं. असं."

ह्यांनी परातीला बोट लावलं. परात लोळली, बटाटे टाकीत गेले आणि पाणी वैजूच्या यजमानांच्या पँटवर. त्यांची झोप तेवढी उडाली.

सकाळी आम्ही पेणला जाणारी गाडी धरली. रोह्याच्या पुढे तेव्हा कोकण रेल्वेचं काम चाललेलं, स्टेशनभर खडी आणि लोखंड पडलेलं. आमची गाडी मात्र निवांत. दोन्हीकडे भाताची शेतं इतकी हिरवी की डोळ्यांना गार वाटत होतं. कासू स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. एक बाई काकड्यांची पाटी घेऊन चढली आणि नेमकी माझ्यासमोर बसून काकडी कराकरा खाऊ लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ज्याच्यासाठी उपास, तो शेजारी बसून दुसरी काकडी सोलून मागत होता.

पेण स्टेशनवर दामू न्यायला आला होता. तो ह्यांच्या पाया पडला, मग दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. त्याच्याबरोबर यशोदा होती. काटक, काळीसावळी, हिरव्या लुगड्यातली. माझा हात धरून म्हणाली, "वैनी, तुमचाबी उपास ना? चला, दोघी मिळून कळ काढू." मला ती तिथल्या तिथे आवडली.

गणपतीच्या आदल्या दिवशी पेणमध्ये माणसं कमी आणि गणपती जास्त दिसतात. टेम्पोत गणपती, हातगाडीवर गणपती, सायकलच्या कॅरिअरवर घट्ट धरलेला गणपती. दामूचा गणपती कारखान्यात (मूर्ती करतात त्या जागेला इथे कारखानाच म्हणतात) तयार होता, पण पितांबराचा रंग ओला होता. थांबा, थांबा करत दुपार कलली. हातभर उंचीची शाडूची मूर्ती, शांत डोळे, आणि पाटावर पुढ्यात ठेवायला एक सुटा उंदीर. तोही शाडूचा, मुठीएवढा, हातात लाडू. यशोदेने मूर्तीच्या तोंडावरून नवाकोरा रुमाल टाकला. टाकताना ती डोळे पुसत होती.

धक्क्याकडे जाताना तिने मला सगळं सांगितलं. दामू जहाजावर असताना ती वर्षानुवर्षं एकटी होती. खाडीला उधाण आलं की बांधावर जाऊन उभी राहायची. तेव्हा देवाला नवस बोलली होती, हा माणूस पाण्यावरून एकदाचा कायमचा घरी येऊ दे, मी घरात गणपती बसवीन. माणूस आला. पण दामूचे चुलते, गणाकाका, नाही म्हणायला लागले. ह्या घराण्यात गणपती कधी नव्हता, आपल्याला सोसेल कशावरून? दोन वर्षं त्यात गेली. यंदा यशोदा हट्टालाच पेटली, तेव्हा गणाकाकांनी अट घातली.

"म्हणाले, आण. पन पयल्याच खेपेला वाटेत विघ्न आलं तर देवाला तुझ्या घरी यायचं नाय असं समजायचं. परत नाव काढायचं नाय." तिने माझा हात दाबला. "वैनी, एवढा घरी पोचू दे. बाकी काय नको."

गावाकडे जायचा रस्ता खारबांध (खाडीचं पाणी अडवणारा बांध) फुटल्यामुळे पाण्याखाली होता, म्हणून होडी. आणि होडी कुणाची? गणाकाकांची! मागच्या टोकाला लांब वल्हं धरून ते स्वतः बसले होते. अंगात बनियन, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, कपाळाला आठ्या. "लवकर करा, वहट (ओहोटी) लागली," एवढंच बोलले.

दामू मूर्ती आणि उंदीर ठेवलेला पाट घेऊन होडीच्या मधल्या फळीवर बसला. देवाचं तोंड पुढे, गावाच्या दिशेला. बरोबर शेजारपाजारची माणसं होती, ढोलकीवाला होता, झांजवाले होते. ती सगळी एकामागून एक चढली आणि देवाच्या मागे जाऊन बसली. एकूण एक मागे. पुढची निम्मी होडी रिकामी, मागे मात्र मांडीला मांडी.

"अहो, थोडे पुढे बसा ना," मी एका बाईला म्हटलं.

"देवाच्या पुढ्यात?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच आणखी मागे सरकले.

यशोदेने समजावलं. देव घरी येत असताना त्याच्या पुढे कुणी बसायचं नाही. पुढे तोंड करून बसलं तर देवाला पाठ होते, देवाकडे तोंड करून बसलं तर देवाची वाट अडते. देवाला वाट दिसली पाहिजे. रुमालाने तोंड झाकलेल्या देवाला वाट कशी दिसणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि आमचे हे? हे तर सगळ्यात मागे, गणाकाकांच्या शेजारी! जहाजावर साहेब लोकांची जागा पिछाडीलाच असते म्हणे. निवृत्तीनंतर माझ्या हातचं खाऊन ह्यांचं वजन चांगलंच वाढलेलं. हे बसले आणि होडीचं नाक उठलं. बसल्या बसल्या ह्यांनी गणाकाकांना ऐकवलं, "होडी मागे फार बसलीय. ट्रिम बरोबर नाही."

"मंग उतरा," गणाकाका म्हणाले.

"अहो, तुम्हीच पुढे सरका की," मी म्हटलं.

"माझा प्रश्न नाही, हा एकूण भाराचा प्रश्न आहे," असं हे म्हणाले. एकूण भारात आपण कुठे बसतो ते ह्यांना जहाजावर कधी कुणी सांगितलं नसावं.

'गणपती बाप्पा मोरया' झालं, ढोलकी वाजली, निघालो. खाडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू! दोन्ही काठांना चिपीची (खारफुटीतली) झाडं, मागे पाण्याखाली गेलेली मिठागरं, मध्येच एखादा बगळा. पण पाणी भराभर उतरत होतं आणि काठाचा चिखल बघता बघता रुंद होत होता. होडी वळणावर वळायचं नाव घेईना. गणाकाका वल्हं दाबत होते आणि होडी नाक वर करून आपल्याच तंद्रीत सरळ चालली होती. आकाश भरून आलं. यशोदेने पदराचं टोक मूर्तीवर धरलं.

आणि मग खालून एक मऊ धक्का बसला.

मागचा भाग चिखलात टेकला होता. पुढचा भाग पाण्यावर तरंगत होता, तो प्रवाहाने फिरायला लागला. होडी आडवी झाली आणि एकदम माझ्या बाजूला कलली. मागून पाणी आत आलं, पार माझ्या मांडीपर्यंत. "अगं आई गं!" मी ओरडले. दामूने मूर्ती छातीशी आवळली. पाट मात्र घसरला आणि पाटावरचा उंदीर, लाडूसकट, डुबुक करून खाडीत गेला.

ढोलकी थांबली. पाण्यावर एक बुडबुडा आला, बस्स.

"झालं," गणाकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "विघ्न झालं. मी सांगत होतो."

यशोदेचा चेहरा मला बघवेना. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली ती बाई, ओठ सुकलेले, त्या बुडबुड्याकडे बघत होती. दुसरा गणपती ह्या वेळी पेणमध्ये मिळायचा नाही, आणि प्रश्न दुसऱ्याचा नव्हताच. वरून पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले. शाडूची मूर्ती ती, आणि पाणी उतरतंच होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळी होडीच चिखलात बसली असती.

"सगळे पुढे जा!" आमचे हे मागून गरजले. जहाजावरचा आवाज असावा तो, मी कधी ऐकला नव्हता. "पुढे भार द्या, पिछाडी उचलेल! चला!"

कुणी हललं नाही. झांजवाला पुटपुटला, "साहेब, आधीच विघ्न झालंय. वर देवाची वाट अडवायची?"

"अरे, बुडाल!"

"बुडू. पन पुढ्यात नाय बसणार."

तेवढ्यात यशोदेने डोळे पुसले आणि वळून विचारलं, "काका, गणपतीच्या पुढ्यात कोण बसतो?"

"कोण नाय बसत."

"उंदीर बसतो ना?"

गणाकाकांनी उंदीर बुडाला तिकडे पाहिलं. "व्हय. उंदीर बसतो."

"त्याच्यानं देवाची वाट अडत नाय?"

"तो देवाचा उंदीर हाय गो. त्याचा मानच हाय तो."

"मंग आता देव बिनउंदराचा घरी न्यायचा काय?" असं म्हणून यशोदेने होडीवरून नजर फिरवली. ढोलकीवाल्यावरून, झांजवाल्यावरून फिरत फिरत ती मागच्या टोकाला जाऊन थांबली. होडीतल्या सगळ्यांची नजर तिच्या पाठोपाठ तिथे गेली. माझीही.

"साहेब," यशोदा म्हणाली, "उठा."

"मी?" हे म्हणाले.

"साहेब, तुमचा भार मोठा हाय," दामू अदबीने म्हणाला.

"अहो, दोन बायका सकाळपासून उपाशी आहेत," मी म्हटलं, "आता वाद घालू नका. उठा!"

हे उठले. होडी डगमगली, बायका किंचाळल्या. हे मग गुडघ्यांवर आले आणि रांगत निघाले. इस्त्रीची पांढरी पँट, बगलेत छत्री, माणसांच्या मांड्यांवरून, ढोलकीवरून, 'माफ करा, माफ करा' करत. मूर्तीजवळ पोचल्यावर ह्यांनी रांगता रांगताच नमस्कार केला आणि बाजूने पुढे सरकले. अगदी नाळेशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) जाऊन, देवाकडे तोंड करून, मांडी घालून बसले.

होडीचं नाक हळूहळू खाली आलं. मागे चिखलातून 'फसक्' असा आवाज झाला आणि पिछाडी सुटली. गणाकाकांनी काठी रोवून जोर लावला, आणि होडी खाडीच्या मध्यावर गेली. एकदम सरळ, एकदम शहाण्यासारखी.

"मोरया!" सगळे ओरडले. मीसुद्धा.

ह्यांचा चेहरा फुलला. वर्षभरात पहिल्यांदा हे बरोबर ठरले होते. "बघितलंत? ह्यालाच ट्रिम म्हणतात. मागचा भार पुढे आला की—"

"साहेब," यशोदा म्हणाली, "उंदीर बोलत नाय."

सगळी होडी हसली. मला वाटलं, आता हे चिडणार. पण ह्यांनी गुपचूप छत्री उघडली, हात लांब करून ती देवावर धरली आणि स्वतः भिजत बसले. गाव येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. लग्नापासून आजवर एवढा वेळ गप्प बसलेलं मी ह्यांना पाहिलं नव्हतं. पावसाचं पाणी नाकावरून ठिबकत होतं आणि हे देवाकडे बघत होते. काय बघत होते कोण जाणे. मला उगीचच भरून आलं. उपासाने होतं असं.

गावाच्या बांधावर दिवे घेऊन माणसं उभी होती. मूर्ती उतरली. एक टवका नाही की रंगाचा ओघळ नाही. यशोदा दामूच्या पाठोपाठ चालत होती आणि मागे वळून वळून गणाकाकांकडे बघत होती. ते होडी बांधत होते. बांधता बांधता गाठीकडे बघूनच म्हणाले, "कसलं विघ्न? देवानं ल्हान उंदीर टाकला आन् मोठा घेतला. पुढच्या वर्षी होडी मोठी लागेल."

यशोदा वाटेतच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही तिच्याजवळ चिखलात बसले. दोघी रडत होतो आणि हसत होतो. माझ्या साडीचे डाग त्यानंतर कधी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापना. मूर्तीपुढे उंदराची जागा रिकामी, म्हणून गणाकाकांनी ह्यांना तिथेच बसवलं. पूजा संपेपर्यंत हे मांडी घालून बसले. पायाला मुंग्या आल्या तरी हलता येईना. येणारी प्रत्येक बाई देवाला हळदकुंकू वाहायची आणि ह्यांनाही एक बोट लावून जायची. दुपारपर्यंत कपाळ लालपिवळं झालं. पहिला मोदक देवाला, दुसरा ह्यांना. पोरंटोरं 'उंदीरमामा, उंदीरमामा' करत भोवती नाचत होती. सोलापुरातल्या कॅप्टनांनी तीही चूक कुणाची दुरुस्त केली नाही.

निघताना यशोदेने मिठाची पिशवी आणि पेणचे पापड दिले. माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "वैनी, साहेब घरी यावेत म्हणून तुम्ही काय बोलला होता देवाला?"

मी काहीच बोलले नव्हते. खरं तर तसं कधी सुचलंच नव्हतं. तिला म्हटलं, "अगं, आम्हाला आमचा माणूस न बोलताच मिळाला." ती हसली.

रोह्याला वैजूकडे एक मुक्काम करून आम्ही सोलापूरला परतलो. इतकी गावं, इतकं पाणी, इतकी माणसं बघून आल्यावर काय आठवतं म्हणाल, तर ती रिकामी निम्मी होडी. आमच्याही घरात आजवर मी एकटीने सगळं लावून ठेवलं होतं. हे आले आणि जिथे जागा दिसली तिथे बसले. घर कललं म्हणून मी वर्षभर वैतागले, पण ह्यांना 'इथे बसा' असं म्हणायला पेणच्या खाडीतली एक उपाशी बाई लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन बसले होते. हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. डब्यांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कुठे बसू?"

मी समोरचा पाट सरकवला आणि गवारीचा ढीग ह्यांच्या पुढ्यात टाकला. हे बसले, माझ्याकडे तोंड करून, आणि खाली मान घालून शिरा काढायला लागले. एक शेंग, दुसरी शेंग, तिसरी. ट्रिम नाही, पिछाडी नाही, काही नाही. घरात नुसता गवार मोडल्याचा आवाज. मला चैन पडेना.

"अहो," मी शेवटी म्हटलं, "ते जहाज मागे जरासं बसलेलं बरं असतं, ते का म्हणे?"

ह्यांनी मान वर केली. मग परात आली, पाणी आलं, बटाटे आले.

गवार शेवटी मीच निवडली.